उजनीतील मासळीच्या अभ्यासालाही निधी द्यावा

महोदय,

उजनी जलाशयात मत्स्यबोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडल्याची बातमी छायाचित्रासह येते. पण त्यांपैकी किती वाढली आणि किती बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत अडकली, याचा हिशेब मात्र वाचायला मिळत नाही. परवा सोलापूरच्या बाजारात वीतभरही नसलेले कटले पाटीत रचलेले पाहिले. वर्षभर टिकते, तर त्यांतला एकेक किलोच्या घरात गेला असता. रोहू-कटल्यापेक्षा चिलापीच (तिलापिया मासा) अधिक दिसते, तीही स्वस्तात जाते.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० साली २०,०५० कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली. तळी, पिंजरे, शीतगृहे यांना पैसा मिळतो, तसा तो मोजमापालाही मिळावा. उन्हाळ्यात मृतसाठ्यात जाणाऱ्या या धरणात बीज कधी व किती आकाराचे सोडावे, आस किती ठेवावा, प्रजननकाळात बंदी कोठे कडक हवी, हे मच्छीमारांच्याच मदतीने काठावर रोज उतरणाऱ्या मासळीची जात, लांबी व वजन नोंदवल्याशिवाय ठरणार नाही. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेकडे हे काम किमान पाच वर्षांसाठी सोपवावे. एका हंगामाच्या पाहणीने भागणार नाही.

– एक वाचक, सोलापूर