थंडीने नव्हे, माणसांनी रोखले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेपोलियन काय, हिटलर काय, दोघांनाही रशियाच्या थंडीने हरवले, हे वाक्य आपल्या रविवारच्या पुरवणीत पुन्हा वाचले आणि राहवले नाही. निवृत्त इतिहास शिक्षक या नात्याने लिहितो आहे.

नेपोलियनशी मॉस्कोजवळ झालेली बोरोदिनोची लढाई ७ सप्टेंबर १८१२ची. बर्फाचा तेव्हा मागमूसही नव्हता. एका दिवसात सुमारे चाळीस हजार रशियन सैनिक मेले किंवा जखमी झाले, तरीही फौजेची दाणादाण उडाली नाही. शिस्त राखून ती मागे हटली. यातले बहुतेक शिपाई भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची मुले होती. पंचवीस वर्षांच्या नोकरीवर पाठवताना घरचे त्यांना मेल्यासारखेच रडून निरोप देत.

थंडीच लढत असती, तर १९३९-४०च्या हिवाळ्यात फिनलंडवर चालून गेलेल्या लाल सेनेचे, म्हणजे सोव्हिएत फौजेचे, सव्वा लाखाहून अधिक सैनिक का मेले? स्टालिनने त्याआधीच स्वतःच्या सेनाधिकाऱ्यांची कत्तल केली होती. शिपाई धीराचे होते. त्यांना धड चालवणारे उरले नव्हते.

आणि सोव्हिएत सरहद्दीवरचा, आजच्या बेलारूसमधला ब्रेस्टचा किल्ला! हिटलरचा हल्ला झाला तो दिवस २२ जून १९४१, ऐन उन्हाळा. आठवड्याभरात मिन्स्क पडले, आघाडी शेकडो किलोमीटर पुढे सरकली, तरी या किल्ल्यात अन्नपाण्यावाचून माणसे झुंजत होती. तिथल्या भिंतीवर एकाने कोरले होते : 'मी मरतो आहे, पण शरण जात नाही. मातृभूमी, निरोप घेतो. २०-७-४१.' नाव नाही. हे शब्द वर्गात वाचून दाखवताना दर वर्षी माझा आवाज कापायचा.

त्याच किल्ल्यातला मेजर प्योत्र गाव्रिलोव युद्धाच्या बत्तिसाव्या दिवशी जखमी अवस्थेत पकडला गेला. तो तातार होता. आपण सरसकट 'रशियन' म्हणतो, पण त्या सैन्यात युक्रेनी, कझाक, उझबेक, जॉर्जियन असे किती तरी होते. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे सत्तावन्न लाख सोव्हिएत सैनिकांपैकी तीस लाखांहून अधिक कैदेतच मेले. गाव्रिलोव जगला, परतला, तर कैदेत गेला म्हणून कम्युनिस्ट पक्षातून काढला गेला. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब त्याला मिळाला तो १९५७ साली.

पुरवणीत थंडीला अर्धे पान दिलेत. ब्रेस्टच्या माणसांना एक स्तंभ तरी द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा