चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडचे ड्रॉप: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: स्टेरॉइड असलेल्या डोळ्यांच्या ड्रॉपची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री थांबवणे आणि बुबुळाची जखम ओळखण्याची सोय गावपातळीवर करणे.

मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात राहतो आणि शेती करतो. पाच मिलिलिटरच्या एका ड्रॉपने आमच्या घरातल्या दोघांच्या डोळ्यांचे नुकसान झाले, एक माझे वडील आणि दुसरा आमचा कुत्रा खंड्या. हा ड्रॉप चोरटा नव्हता, बनावट नव्हता आणि त्याची मुदतही संपलेली नव्हती. परवानाधारक दुकानातून, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तो आमच्या घरी आला, आणि माझी तक्रार एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा वडिलांचेही डोळे आले. तालुक्याच्या गावी मेडिकलवाल्याला लाल डोळा दाखवला आणि त्याने मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक व डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असा जोड ड्रॉप दिला. दोन दिवसांत लाली उतरली. साथीतले डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होतात, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो आणि सहसा स्टेरॉइडचीही गरज नसते. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्ही विचारलेही नाही. औषध गुणकारी आहे अशी घरात सगळ्यांची खात्री पटली. हळदीची धूळ उडाली, उसाचा पाला डोळ्याला लागला, नुसती खाज सुटली, तरी वडील तोच ड्रॉप घालू लागले. बाटली संपली की रिकामी बाटली दुकानात दाखवायची आणि नवी घेऊन यायची, असे जवळजवळ नऊ महिने चालले.

त्याच हिवाळ्यात ऊसतोडीच्या दिवसांत खंड्या फडातून परतला तो एक डोळा मिटून. पाणी गळत होते आणि तो पंजाने डोळा चोळत होता. आईने फ्रीजच्या दारातली वडिलांची बाटली काढून त्याच्याही डोळ्यात दोन थेंब घातले. दुसऱ्या दिवशी त्याने डोळा थोडा उघडला म्हणून सगळ्यांना बरे वाटले. चौथ्या दिवशी त्या डोळ्यावर निळसर दुधाळ साय धरली होती.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी केशरी टोक असलेली कागदाची एक पट्टी काढली, सलाइनचा थेंब टाकून ती भिजवली, डोळ्याच्या कडेला टेकवली आणि निळ्या बॅटरीचा उजेड पाडला. बुबुळावर गडद हिरवे कडे चमकले आणि कड्याच्या मधोमध मात्र काळा ठिपका राहिला. फ्लुरोसीनचा हा रंग बुबुळाचा वरचा थर जिथे सोललेला असतो तिथेच बसतो, हे डॉक्टरांनी सांगितले. मधला ठिपका हिरवा न होणे हे चांगले लक्षण असेल असे मला वाटले होते, पण जखम इतकी खोल गेली होती की सगळ्यात आतला पातळ पापुद्राच तेवढा शिल्लक होता आणि त्या पापुद्र्यावर हा रंग बसत नाही. तो फुटला असता तर डोळाच गेला असता.

पुढचे तीन आठवडे मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी खंड्याचेच रक्त काढून त्याचे सीरम वेगळे केले आणि तेच थेंब म्हणून दर दोन तासांनी घालायला सांगितले, कारण बुबुळ विरघळवणाऱ्या विकरांना रोखणारे घटक त्यात असतात. त्यासोबत स्टेरॉइड नसलेले प्रतिजैविक चालू होते आणि दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे होते. शेवटी पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा ओढून जखमेवर शिवावा लागला. डोळा वाचला, पण त्यात फूल पडले ते कायमचे.

वडिलांचे उन्हाळ्यात लक्षात आले. चष्म्याचा नंबर तपासायला गेले असता डोळ्याचा दाब 34 निघाला, जो साधारणपणे 10 ते 21 असतो. स्टेरॉइडच्या ड्रॉपने काही माणसांच्या डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची वाट आखडते, दाब चढतो आणि दुखल्या-खुपल्याशिवाय डोळ्याची नस वाळत जाते. हा स्टेरॉइडमुळे झालेला काचबिंदू होता. ड्रॉप बंद केल्यावर दाब उतरला, पण वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. आज वडिलांना समोरचे वर्तमानपत्र वाचता येते, मात्र उजव्या बाजूने येणारी मोटरसायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते.

महोदय, यासाठी नवा कायदा करा असे मी म्हणत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आहे आणि त्याखालचे नियम 1945 चे आहेत. शेड्यूल एचमधले औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ही सूचना त्या इवल्याशा बाटलीवर छापलेलीही असते, फक्त ती इंग्रजीत असते आणि माझ्या आईला वाचता येत नाही. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव व पत्ता असावा, आणि औषध जनावरासाठी असेल तर त्याच्या मालकाचे नाव व पत्ता असावा, असेही नियमात आहे. म्हणजे खंड्यासारख्याचा विचार कायद्याने केव्हाच केलेला आहे. तो व्यवहारात उतरवणे आपल्या औषध निरीक्षकांच्या हातात आहे.

कुत्र्याच्या डोळ्याचे गाऱ्हाणे पशुसंवर्धन खात्याकडे न नेता आपल्याकडे का, असे कोणी विचारील. गावाकडे कुत्र्याच्या डोळ्यात जे औषध पडते ते बहुधा माणसांच्या मेडिकलमधूनच आलेले असते. टिमोलॉल, डॉरझोलामाइड, लॅटानोप्रॉस्ट ही काचबिंदूची औषधे दोघांनाही चालतात. उलट दिशेचाही एक उपकार आपल्यावर आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या पशुनेत्रतज्ज्ञ रेने कासवान यांनी कुत्र्यांच्या कोरड्या पडलेल्या डोळ्यांवर सायक्लोस्पोरिन या औषधाचा उपयोग शोधला. तिथे 1995 मध्ये कुत्र्यांसाठी त्याचे मलम मंजूर झाले आणि माणसांसाठीचे थेंब त्यानंतर, 2002 मध्ये मंजूर झाले.

तरीही औषध एकच असले म्हणून आजार एकच असतो असे नाही. पग किंवा शित्झू जातीच्या कुत्र्याच्या चिकट, लाल डोळ्याला अनेकदा अश्रूच कमी पडत असतात. असा डोळा अश्रू मोजणाऱ्या कागदी पट्टीने तपासावा लागतो, आणि त्यात कोणी दुखणे थांबावे म्हणून अ‍ॅट्रोपिन घातले तर उरलेले अश्रूही आटतात. टिमोलॉल डोळ्यात घातले तरी दम्याच्या माणसाचा दमा उसळू शकतो. म्हणून जनावर असो वा माणूस, डोळा आधी पाहायचा आणि औषध मग द्यायचे, हा क्रम मोडता कामा नये.

स्टेरॉइडवर सरसकट बंदी घाला असे मी मुळीच म्हणणार नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते लागते, डोळ्याच्या आतल्या दाहात तेच डोळा वाचवते, आणि जर्मन शेफर्डच्या बुबुळावर चढणाऱ्या पडद्यासाठी ते वर्षानुवर्षे द्यावे लागते. धोका आहे तो बुबुळ सोललेले असताना ते पडण्याचा. तेव्हा जखम भरणे मंदावते, जंतूंशी झुंजणारी ताकद दबते, आणि लाली मात्र उतरते, त्यामुळे घरच्यांना गुण आल्यासारखे वाटते. नागिणीच्या जातीच्या विषाणूने बुबुळावर केलेला व्रण यामुळे पसरतो. पाला किंवा काडी लागून झालेल्या जखमेत बुरशी शिरलेली असेल तर हे थेंब तिला मोकळे रान देतात. बुरशीवरचे नॅटामायसिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. आमच्या तालुक्यात मात्र ते शोधावे लागते, आणि डेक्सामेथासोनचा ड्रॉप कोणत्याही दुकानात समोरच्या फळीवर असतो.

मेडिकलवाल्यांना मी खलनायक ठरवणार नाही. “लवकर उतरेल असे काहीतरी द्या” असे गिऱ्हाईकच म्हणते, आणि एकाने नाही दिले तर ते शेजारच्या दुकानात जाते. म्हणूनच बंधन सगळ्यांवर सारखे पडले पाहिजे. आपल्या निरीक्षकांनी एका मोहिमेत केवळ स्टेरॉइड असलेल्या डोळ्यांच्या ड्रॉपची खरेदीची बिले आणि विक्रीच्या चिठ्ठ्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात, किती बाटल्या चिठ्ठीशिवाय गेल्या ते तिथेच दिसेल. शेड्यूल एच1 मधल्या औषधांसाठी 2014 पासून दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण आणि विकलेले प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. हे ड्रॉपही त्या नोंदवहीत यावेत अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोवर प्रत्येक दुकानात ठळक मराठी फलक लावता येईल: या थेंबांत स्टेरॉइड आहे, डोळा तपासल्याशिवाय माणसाच्या किंवा जनावराच्या डोळ्यात घालू नका, उरलेली बाटली पुन्हा वापरू नका. बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरात टाकून द्यायची असते, हेही त्यावर असावे. आमची बाटली फ्रीजमध्ये आहे म्हणून चांगली असेल, असेच आम्ही धरून चाललो होतो.

दुसरी मागणी त्या केशरी टोकाच्या पट्टीची आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात फ्लुरोसीनच्या पट्ट्या आणि एक निळी बॅटरी असावी. तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. पहिल्याच दिवशी ती झाली असती तर खंड्याच्या डोळ्यात त्या बाटलीतला थेंब पुन्हा पडला नसता. यासोबत उपजिल्हा रुग्णालयांत नॅटामायसिन कायम शिल्लक राहील, अशी व्यवस्था आरोग्य खात्याशी बोलून करावी, ही विनंती.

पट्ट्यांचा आणि दवाखान्यांचा विषय इतर खात्यांकडेही जातो, म्हणून या पत्राची प्रत मा. पशुसंवर्धन मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री यांना पाठवत आहे. शेवटची बाटली मी फेकलेली नाही. आपल्या कार्यालयाने मागितल्यास वडिलांच्या आणि खंड्याच्या तपासणीच्या कागदांसह ती घेऊन मी मंत्रालयात स्वतः हजर होईन.

कळावे,

आपला नम्र,
सांगली जिल्ह्यातील एक शेतकरी