माझ्या लेकीची वेणी घालणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम, तुमच्यासमोर बोलायला गेलो की घसा भरून येतो म्हणून इथं लिहितोय. काल पोरीनं पाच महिन्यांनी भाला हातात घेतला, ५०० ग्रॅमचा, तुम्ही सांगितलेलं तसं अर्ध्या जोरानं, मोजून १० थ्रो. खांदा दुखला नाही. मी कंपाउंडपाशी उभा राहून रडलो, बायकोला फोन केला तर तीपण रडायला लागली.

सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही हो, पण एकांनी एक्स-रे बघून सगळं नॉर्मल आहे म्हणून गोळ्या दिल्या, एक्स-रेत लॅब्रम, म्हणजे खांद्यातली कूर्चेची रिंग, दिसतच नाही हे आम्हाला कोण सांगणार. दुसऱ्यांनी तर तिच्यासमोरच म्हटलं, मुलीच्या जातीला कशाला पाहिजे भालाफेक, सोडून द्या. त्या दिवशी एसटीत ती एक शब्द बोलली नाही.

तुम्ही मात्र आधी खांद्याचं विचारलंच नाही. केस मोकळे बघून म्हणालात, "वेणी कोण घालतं गं तुझी?" आणि ती मान खाली घालून बोलली, हात वर जात नाही, आत खट्‌ वाजतं, दोन महिने झाले. मॅडम, एका घरात राहून आम्हाला माहीत नव्हतं. केस कापायचे म्हणून मागं लागली होती तर फॅशन सुचतीय म्हणून मी ओरडलो होतो तिला. तुम्ही खुर्ची ओढून तिच्या मागं बसलात, बाहेर एवढे पेशंट असताना स्वतः वेणी घातलीत, आणि घालता घालताच समजावलंत की खांद्याच्या वाटीच्या काठाला कूर्चेची रिंग असते, दंडातल्या बायसेप्स स्नायूची शीर, म्हणजे टेंडन, वरून तिलाच धरून असते, फेकताना हात मागं गेला की ती शीर पिळते आणि तिच्या ओढीनं रिंग काठावरून सुटत जाते. शेवटी स्वतःच्या मनगटातलं काळं रबर काढून लावलंत. ते रबर ती अजून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

पुढं आतलं नीट दिसावं म्हणून डाय सोडून एमआरआय झाला, ऑपरेशनची घाई नको म्हणालात, व्यायाम दिलेत, सगळ्याचा उपयोग झालाच. पण पोरगी बरी व्हायला लागली ती त्या खुर्चीवर, असं मला मनापासून वाटतं. समोरच्याचं दुखणं खरं धरून चालणारी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आज सकाळी तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. जरा वाकडी आलीय. रविवारी येतोय आम्ही तिघं, तासगावची द्राक्षं घेऊन, नको म्हणू नका.