‘झालंच समजा’

मा. संपादक, स. न. वि. वि.

पुलाच्या कामाची मुदत वाढली की बातमी येते आणि कारण म्हणून पाऊस, वाळू नाहीतर भूसंपादन छापलं जातं. मी एका ठेकेदाराकडे प्लॅनिंग इंजिनिअर आहे, दिवसभर बार चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार याचा तक्ता, सांभाळते. मला रोज दिसणारं आणखी एक कारण कुणी छापत नाही. वेळापत्रक संगणकात असतं, पण मागच्या महिन्यातलं.

गेल्या होळीच्या आधीची गोष्ट. यावल तालुक्यात एका नाल्यावर छोट्या पुलाचा स्लॅब ओतायचा होता. चार्टवर ‘सळई बांधणी १०० टक्के’. ते पाहून ऑफिसातून रेडी मिक्स काँक्रीटच्या दोन गाड्या सोडल्या. गाड्या पोचल्या तेव्हा खालची जाळी बांधलेली, वरच्या जाळीच्या सळया रस्त्याकडेला उन्हात तापत पडलेल्या आणि बांधणारी सगळी पोरं भोंगऱ्यासाठी, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजार-उत्सवासाठी, सातपुड्यात आपापल्या पाड्यांवर गेलेली. मुकादम एकटाच सेंटरिंगच्या सावलीत बसला होता. म्हणाला, “ताई, मी साहेबांना फोनवर सांगितलं होतं.” सांगितलं होतंच. साहेबांनी ऐकलं, फाइलपर्यंत काही आलं नाही. काँक्रीट साधारण दोन तासांत ओतावं लागतं, उन्हात त्याहूनही लवकर. गाड्या परत गेल्या. पैसे मालकाचे गेले, बोलणी मी खाल्ली. आणि खायलाच हवी होती, कारण ते १०० मीच टाकलं होतं, आढावा बैठकीच्या आदल्या रात्री, साइटवरच्या कुणाच्या तरी ‘झालंच समजा’वर.

तेव्हापासून मी टक्का विचारत नाही. टक्का विचारला की माणूस ९० सांगून मोकळा होतो. आमची कामं आठवड्यात नव्वदीला पोचतात आणि महिनाभर तिथेच मुक्काम करतात. मी विचारते: कोणत्या तारखेला सुरू झालं, कोणत्या तारखेला संपलं आणि संपलं नसेल तर अजून किती दिवस? ‘किती दिवस’ म्हटलं की मुकादम बोटं मोजतो. ती बोटं मला टक्क्यापेक्षा खरी वाटतात.

दर शनिवारी संध्याकाळी हे फाइलमध्ये भरते आणि स्टेटस डेट, म्हणजे माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ती तारीख, पुढे सरकवते. चार्टवर त्या तारखेची उभी रेघ येते. रेघेच्या डावीकडे न झालेलं काम राहताच कामा नये. गेल्या मंगळवारी जाऊन आता कुणी सळई बांधणार नाही. उरलेलं काम रेघेच्या पुढे ढकलायची सोय मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तारखा हातानं टाइप करण्याची सवय सुटत नाही. हातानं तारीख टाकली की सॉफ्टवेअर समजतं, ‘त्याआधी सुरू करायचं नाही’. मग मागचं काम लवकर आटोपलं तरी पुढचं जागचं हलत नाही.

कॅलेंडरची वेगळीच तऱ्हा. सॉफ्टवेअरमधलं तयार कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं. आमची साइट रविवारी चालते, आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मी रिकामी असते आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), भोंगऱ्याला कुणीच नसतं. हे भरायला दहा मिनिटं लागतात. तरी शनिवारी सुट्टी आणि आखाजीला स्लॅब दाखवणारे चार्ट मी मंजूर झालेले पाहिले आहेत.

मुदत टळली की वरून निरोप येतो, ‘बेसलाइन नव्यानं सेव्ह करा’. बेसलाइन म्हणजे सुरुवातीला ठरलेल्या तारखांची जपून ठेवलेली प्रत, उशीर तिच्याशी ताडून मोजतात. केली की उशीर शून्य. याच सॉफ्टवेअरमध्ये ११ बेसलाइन ठेवता येतात, म्हणजे पहिली पुसायची गरजच नाही. पुसली जाते ती का, हे वाचकांना सांगायला नको.

आता साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकताना वर ठळक तारीख असते आणि जुनी मी स्वतः डिलीट करते. तरी परवा एकाच्या खिशातून फेब्रुवारीची प्रिंट निघाली!

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. बैठकीतून ‘काम ८० टक्के पूर्ण’ लिहून घेताना साहेबांना एवढं विचारा: हा आकडा कोणत्या तारखेचा, आणि उरलेल्याला किती दिवस? उत्तर जसं मिळेल तसं छापा.

आपली,
एक प्लॅनिंग इंजिनिअर, भुसावळ