क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : खेळ सुटला, मैदान सुटू नये

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

जून 2025 मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. संघ सहा आणि सहाही मुख्य प्रशिक्षक परदेशी. त्याबद्दल तक्रार नाही, गुरू कुठलाही चालतो. पण ही मंडळी त्या खुर्चीपर्यंत पोचली कशी, हे आपल्या खात्याने जरूर पाहावे.

त्यांच्यातले एक बेन गोलिंग्ज. इंग्लंडच्या सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची रग्बी) संघाकडून खेळताना जागतिक मालिकेत या गड्याने 2652 गुण केले. निवृत्तीनंतर त्यांनी शेजारच्या श्रीलंकेचा संघ घडवायला घेतला. पुढे फिजीची जबाबदारी आली आणि 2022 साली केपटाउनला त्यांच्या फिजीने न्यूझीलंडला 29-12 असे हरवून सेव्हन्सचा विश्वचषक जिंकला. निवृत्त खेळाडूच्या हाती संघ सोपवणे श्रीलंकेला जमले, ते आपल्याला अवघड का वाटावे?

आपल्याकडेही खेळाडू मोठ्या पदावर पोचलेले आहेत. 1998 साली भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळलेले राहुल बोस (हो, तेच अभिनेते) पुढे राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष मात्र एकच असतो. खरी वानवा आहे ती शाळेच्या मैदानावर उभे राहणाऱ्या माणसाची.

टॅकलचेच, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याचेच घ्या. बारा वर्षांच्या मुलाला पहिली गोष्ट शिकवायची ती डोके कुठे ठेवायचे. धावत येणाऱ्याच्या मांडीला खांदा भिडवायचा, डोके त्याच्या पाठीमागच्या बाजूला. ते पुढे आले तर गुडघा थेट कानशिलावर बसतो. पुस्तक वाचून हे सांगता येईल, पण मुलाची मान चुकीच्या बाजूला वळतेय हे धडकेच्या आधी ओळखायला स्वतः मार खाल्लेला माणूस लागतो. कबड्डीतून आलेली मुले पकड लवकर शिकतात. त्यांची मानही कुणीतरी सांभाळायला हवीच ना?

खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आपण देता, ते उत्तमच. पण पदक मिळवलेली मुलगी टेबलावर आवक-जावक नोंदवत बसणार असेल, तर त्या कौशल्याचे काय? अशांना इच्छा असल्यास आठवड्यातले काही तास मुलांना प्रशिक्षण देण्यासाठी कर्तव्यकाल म्हणून धरा. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमांची फी खात्याने भरावी. मुलींच्या संघांसाठी माजी महिला खेळाडूंना आधी विचारावे. यासाठी नवे संकुल लागत नाही, शासन निर्णयाचे एक पान पुरे.

आपला,
एक रग्बीप्रेमी