आमच्या फिजिओ मॅडमना जाहीर थँक्यू

मॅडम, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चला, पुढचा सेट" म्हणता, म्हणून इथेच लिहितेय, वाचू देत सगळ्यांना.

अप्पांना लकवा मारला तेव्हापासून घरात येणारा प्रत्येकजण काहीतरी उपाय घेऊन यायचा, कुणाचं तेल, कुणाची पुडी, आणि "उजव्या हाताचं आता विसरा" म्हणणारेही होतेच. तुम्ही मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येतायत का ते बघितलंत आणि म्हणालात, एवढं येतंय ना, मग चांगला हात बंद करून टाकू. आई बघतच राहिली! डाव्या हाताला जाड मिटन, म्हणजे बोटं वेगळी नसलेला हातमोजा, जागेपणी जवळजवळ पूर्ण वेळ, फक्त अंघोळीला, जिन्यावर आणि चालताना काढायचं, कारण तोल गेला तर सावरायला हात मोकळा पाहिजे. पहिल्या दिवशी अर्धे पोहे लुंगीवर, आणि अप्पांनी तुम्हाला घातलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

पण "माझ्यावर विश्वास ठेवा" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत हो. पुरावेच सांगितलेत. ही पद्धत काढणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब, त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला हात हलत नाही म्हणून माणूस तो वापरायचंच सोडतो, मग थोडी ताकद आली तरी सवय गेलेली असते. त्यावरची एक्साइट नावाची ट्रायल, म्हणजे पेशंटवर घेतलेली चाचणी, 2006 मध्ये आली, 222 पेशंट, दोन आठवडे मिटन आणि सराव, तर वर्षभराने सुद्धा त्यांचा हात नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांपेक्षा चांगला चालत होता. मी म्हटलं मग पहिल्याच दिवसापासून दणकून व्यायाम करून घ्यायला हवा होता, तर तुम्ही 2015 ची अ‍ॅव्हर्ट ट्रायल काढलीत, दोन हजारांवर पेशंट, लकवा मारल्यावर चोवीस तासांच्या आत सारखं सारखं उठवलेल्यांचं उलट जरा वाईटच झालं. स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध जाणारं कोण सांगतं एवढं?

आणि उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांद्याचं दुखणं मागे लागतं, हे तुम्ही भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना सुद्धा दरडावून सांगितलंत, ते फार बरं केलंत.

आता शर्टाची बटणं अप्पा स्वतः लावतात, वेळ लागतो, कॉलरचं अजून जमत नाही, सही बँकेत चालेल अशी येत नाही. शेजारच्या काकूंच्या भावासाठी तुमचा नंबर दिलाय, फोन येईल. आणि फी वाढवा जरा, अप्पाच म्हणतायत, शिव्या खायचे वेगळे लावा.