चोवीस विरुद्ध दोन

प्रिय दिन्या,

तू बँकेच्या युनियनमध्ये केस पांढरे केलेस, म्हणून हा किस्सा तुलाच लिहितोय. विषय बेसबॉलचा आहे, पण घाबरू नकोस, नियम समजावत बसणार नाही. मामला संपाचा आहे.

१८ मे १९१२, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं शाईब पार्क मैदान. तिथलाच संघ अ‍ॅथलेटिक्स २४, पाहुणे डेट्रॉइट टायगर्स २. या खेळात पाच-सहा रन केले तरी संघ खूश असतो, इथे चोवीस! अ‍ॅथलेटिक्स १९१० आणि १९११ चे विजेते होते हे खरं, पण डेट्रॉइटही लिंबूटिंबू नव्हतं. फक्त त्या दिवशी डेट्रॉइटच्या कपड्यांत भलतीच माणसं होती.

डेट्रॉइटचा टाय कॉब हा त्या काळातला सर्वांत भारी फलंदाज आणि तितकाच भांडकुदळ माणूस. १५ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये एक प्रेक्षक त्याला सतत शिव्या घालत होता. कॉब सरळ प्रेक्षकांत घुसला आणि त्याला तुडवला. त्या माणसाचा एक हात छापखान्यातल्या अपघातात गेलेला, दुसऱ्याचीही बोटं तुटलेली. लोक ओरडत होते, अरे, त्याला हात नाहीत! तरी हा थांबेना. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी त्याला बेमुदत निलंबित केलं.

आता बघ. कॉबचं स्वतःच्या संघातही फारसं कुणाशी पटत नव्हतं. तरीही सगळे म्हणाले, कॉब नाही तर आम्हीही नाही. त्याची बाजू ऐकून न घेता शिक्षा ठोकली, उद्या हीच वेळ आपल्यावर. फिलाडेल्फियात ते मैदानावर उतरले, पंचांनी कॉबला बाहेर काढलं, आणि अख्खा संघ त्याच्यामागून चालता झाला.

संघ उभा केला नाही तर मालकाला पाच हजार डॉलर दंड. म्हणून मॅनेजर ह्यूई जेनिंग्ज यांनी गावातली हौशी पोरं आधीच गोळा करून ठेवली होती. प्रशिक्षकांपैकी दोघे, एक चाळिशी ओलांडलेला आणि दुसरा पन्नाशीला टेकलेला, तेही खेळायला उतरले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण? अ‍ॅलन ट्रॅव्हर्स, सेंट जोसेफ्स कॉलेजचा वीस वर्षांचा विद्यार्थी. कॉलेजच्या संघातही तो खेळाडू नव्हता, संघाच्या व्यवस्थापनात मदत करायचा. पिचरला जास्त पैसे मिळणार म्हणून हा पुढे झाला म्हणतात.

आणि पोरगा आठच्या आठ इनिंग टाकत राहिला. त्याच्यावर २६ हिट, म्हणजे यशस्वी फटके, आणि २४ रन झाले. त्याला बदलणार तरी कोणाला आणून? मला त्याचं हसू येत नाही. जगज्जेत्यांसमोर उभं राहून मार खात राहणं सोपं नसतं रे. बाकीच्यांत एड अर्विन नावाच्या एकाने मात्र दोन ट्रिपल ठोकले, म्हणजे दोन्ही वेळा थेट तिसऱ्या बेसपर्यंत! ट्रॅव्हर्स पुन्हा कधी या पातळीवर खेळला नाही. पुढे तो जेझुइट, म्हणजे कॅथलिकांमधल्या एका संघाचा, पाद्री झाला. मोठ्या लीगमध्ये खेळलेला आणि कॅथलिक पाद्री झालेला दुसरा कुणी सापडत नाही.

सोमवारचा सामना रद्द झाला. मग खुद्द कॉबनेच साथीदारांना समजावलं, जा, खेळा. संप मिटला. तुझ्या कामाची गोष्ट इथे आहे: ज्याच्यासाठी संप झाला त्या कॉबला दंड ५० डॉलर आणि दहा दिवसांचं निलंबन, आणि ज्यांनी संप केला त्यांना दंड प्रत्येकी १०० डॉलर! मारहाणीपेक्षा एकी महाग पडली. हे वाचून तू टेबलावर मूठ आपटणार, मला माहीत आहे. त्याच वर्षी खेळाडूंची एक संघटना उभी राहिली, एवढं समाधान.

मला मात्र एक गोष्ट सुटत नाही. निलंबन चुकीच्या पद्धतीने झालं हे मान्य, पण हात नसलेल्या माणसाला बडवणाऱ्यासाठी मी काही बाहेर पडलो नसतो. तू पडला असतास का? आणि ट्रॅव्हर्सला तुमच्या भाषेत संपफोड्या म्हणायचं की नाही? सविस्तर लिही. आणि फोनवर नको, फोनवर तू भाषण करतोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता